इंजिनिअर आणि सायंटिस्ट लोक कामावर जाऊन दिवसभर नेमकं करतात काय?

अशोकस्तंभ_झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. माझं नाशिकला अशोक स्तंभाजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. अॅडमिशनचे दिवस आले की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मार्कलिस्ट, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मच्या प्रिंट, सगळं माझ्याच मशीनमधून जातं. त्यामुळे ब्रँचची नावं तोंडपाठ आहेत. पण त्यातल्या एकाही ब्रँचचा माणूस कामावर जाऊन काय करतो असं विचाराल, तर मी कोरा कागद.

यंदा घरातच बारावी होती. पोरीने सीईटीत फार उजेड पाडला नाही, पण बरे मार्क आहेत. कॉम्प्युटर नको म्हणते. फिजिक्सचं प्रॅक्टिकल मात्र जीव लावून करायची. व्हर्नियरची रिडिंगं वहीत अशी मांडायची की सर तीच वही दुसऱ्या बॅचला दाखवायचे. परवा फॉर्म भरता भरता विचारते, "बाबा, मेकॅनिकलचे लोक दिवसभर काय करतात हो?" मी पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामा, मीटिंग." आमच्या पाहुण्यांत एक एमएस्सी आहेत. ते म्हणाले, "रिसर्च." कशाचा? तर म्हणे, "बराच असतो."

तर पॅकेज, स्कोप आणि प्लेसमेंटवर कृपया ज्ञान नको, ते माझ्या काउंटरवर दिवसभर फुकट मिळतं. तुमच्यातलं जे कोणी सायन्स-इंजिनिअरिंगच्या कामात आहे त्यांनी एवढंच सांगा, की सकाळी गेल्या गेल्या हातात काय घेता आणि मग काय करता?

कोडर_गोविंदनगर

काका, कॉम्प्युटर घ्या आणि मोकळे व्हा. बाकी ब्रँचचे अर्धे लोक शेवटी आमच्याकडेच येतात.

मायक्रॉनवाली

काका, मी अंबड एमआयडीसीत आहे. गाड्यांचे सुटे भाग करणारा मध्यम कारखाना, तिथली स्टँडर्ड रूम माझ्याकडे असते. म्हणजे मोजमापाची खोली. शिक्षण आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री, दोन्ही मेकॅनिकलच.

गेल्या गेल्या हातात पेन. पहिलं काम, खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं. खोली 20 अंशांवर ठेवलेली असते, एसी रात्रीसुद्धा बंद होत नाही. हा 20 चा आकडा आमच्या साहेबांच्या मनातला नाही. वस्तूची लांबी-रुंदी 20 अंश सेल्सिअसला जी भरेल ती खरी, असं जगभर ठरलेलं आहे. याचं कारण एका जॉबवरून, म्हणजे मशीनवर घडवलेल्या एका भागावरून सांगते, त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर येईल.

आमच्याकडे एक स्टीलचं हाउसिंग होतं. त्यात 6205 नंबरचं बेअरिंग बसतं. हे बेअरिंग तुम्हाला शालिमारला कुठल्याही मशिनरीच्या दुकानात मिळेल, बाहेरचा व्यास 52 मिलिमीटर. ड्रॉइंगवर भोकाचं माप लिहिलेलं असतं 52 एच7. याचा अर्थ भोक 52.000 पेक्षा लहान नको आणि 52.030 पेक्षा मोठं नको. एक मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले फक्त तीस भाग तुमच्या हातात. त्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून बघा.

मे महिन्यातली दुपार. शॉप फ्लोअरवर पत्र्याचं छप्पर. मशीनवरून जॉब उतरला तो हाताला चांगला गरम. ऑपरेटरने बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन लावलं, रिडिंग 52.036. लाल टॅग लावून जॉब रिजेक्शनच्या ट्रॉलीत. दुसरा तसाच, तिसरा तसाच. मशीन लावून देणारा सेटर म्हणतो टूलचा ऑफसेट, म्हणजे कापायच्या हत्याराची जागा बदलतो, सुपरवायझर म्हणतो हात लावू नकोस, सकाळपासून हेच सेटिंग चालू आहे. आवाज वाढले तशी मी खाली गेले. गेज झीरो केलं होतं माझ्याच खोलीतून नुकत्याच आणलेल्या पक्क्या मापाच्या रिंगवर, म्हणजे रिंग थंड आणि जॉब तापलेला. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 52 मिलिमीटर गुणिले वीस अंशांचा फरक, गणित केलंत तर 12 मायक्रॉन येतात. जॉब वर नेले, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून दिले, संध्याकाळी मोजले. 52.024. सगळे पास. सेटरने तेव्हा ऑफसेट बदलला असता तर पुढची सगळी भोकं लहान निघाली असती आणि बेअरिंग ठोकून बसवावं लागलं असतं. ठोकून बसवलेलं बेअरिंग किती टिकतं ते कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

म्हणजे मी दिवसभर मोजते का? तर नाही. मोजतात बरेच जण. मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचा पगार मला मिळतो. शॉपवरची मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्लग गेज ठरलेल्या तारखेला माझ्याकडे येतात. मी ती स्लिप गेजवर तपासते. स्लिप गेज म्हणजे स्टीलचे चौकोनी ठोकळे, इतके सपाट घासलेले की स्वच्छ पुसून एकावर एक सरकवले की चिकटतात, ना गोंद ना लोहचुंबक. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी त्यांना तेच करायला देते. ज्याला तो ठोकळा चिकटवताना मजा वाटते तो या खोलीत टिकतो, ज्याला "यात काय विशेष" वाटतं तो प्रॉडक्शनला बरा.

माझी स्लिप गेज कोण तपासतं? एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली बाहेरची लॅब. त्यांची मापं त्यांच्या वरची लॅब. असं करत ही साखळी दिल्लीच्या एनपीएलपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. आता तुमच्या एमएस्सी पाहुण्यांचा 'रिसर्च' बघा. तिथले फिजिक्सवाले लेझरच्या प्रकाशावरून मीटर उभा करतात, कारण 1983 पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केलेली आहे. किलोग्रॅम तर 2019 पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या एका वजनावर अवलंबून होता, आता तोही निसर्गातल्या एका स्थिरांकावरून ठरतो. ते लोक आयुष्यभर दशांशचिन्हानंतरचा एखादा आकडा पक्का करत बसतात. तो पक्का झाला की त्याचा फायदा साखळीने खाली येत येत अंबडच्या हाउसिंगपर्यंत पोचतो.

आता मेकॅनिकलचं. त्याच एका हाउसिंगला किती जणांचे हात लागले ते सांगते, सगळे मेकॅनिकल किंवा त्याच्या शेजारच्या ब्रँचचे. "52 एच7" लिहिणारा डिझाइनवाला, तो पुण्यात बसतो, त्याने हा जॉब हातात धरलाय की नाही मला शंका आहे. कुठल्या मशीनवर, कुठल्या क्रमाने, कुठल्या टूलने कापायचं हे ठरवणारी प्रोसेस इंजिनिअर. तिच्या फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यात, तो जरा जास्त आवळला तर भोक सुटल्यावर लंबगोल होतं, त्यामुळे तिचं आणि माझं रोजचं बोलणं. शिफ्टला नग किती निघाले यावर जीव टांगलेला प्रॉडक्शनवाला. स्पिंडलचा आवाज बदलला की कान टवकारणारा मेंटेनन्सवाला, त्याचा फोन रात्री दोनलाही वाजतो. आणि मेटलर्जीवाले, म्हणजे धातूंचे जाणकार, एक काका. ते जॉब सरळ कापतात, आरशासारखा घासतात, त्यावर नायट्रिक अॅसिड घातलेलं अल्कोहोल लावतात आणि मायक्रोस्कोपखाली लोखंडाचे कण बघतात. हीट ट्रीटमेंट बरोबर झाली की भट्टीवाल्याने घाई केली, ते त्यांना तिथे दिसतं. भट्टीवाला त्यांच्याशी कधी वाद घालत नाही.

ब्रँच एक, डिग्री एक, आणि कामं अशी की यांच्या अदलाबदली केल्या तर आठवड्यात सगळे राजीनामे देतील. म्हणून काका, "मेकॅनिकल की सिव्हिल" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. गोंगाटात उभं राहून दोन मिनिटांत निर्णय द्यायला आवडतो, की एकच रिडिंग तीनदा घ्यायला कंटाळा येत नाही? तुमची मुलगी दुसऱ्या प्रकारातली दिसते. अशांना इन्स्ट्रुमेंटेशन, मेटलर्जी, फिजिक्स-केमिस्ट्रीची बीएस्सी, यांतलं काहीही चालेल.

वाईट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई फारच गोड बोलली. कागद फार. ऑडिट आलं की आठवडाभर फायलीच फायली. सुरुवातीचा पगार कोडरदादांपेक्षा कमी, त्यात वाद नाही. आणि महिनाअखेरीला गेटवर गाडी उभी असते, डिस्पॅचवाला दारात येऊन म्हणतो, "मॅडम, दोन मायक्रॉनसाठी गाडी अडवू नका." त्या वेळी शांतपणे "नाही" म्हणता येणं हा या नोकरीचा खरा सिलॅबस आहे आणि तो कुठल्याच सेमिस्टरला नव्हता.

देठपरीक्षण

मायक्रॉनवाली ताईंनी मैदान मारलंय, मी थोडक्यात. एमएस्सी केमिस्ट्री, पिंपळगावकडे एका लॅबमध्ये. काका, तुमच्या पाहुण्यांसारखं मी "रिसर्च" म्हणणार नाही, कारण मी तो करत नाही. निर्यातीच्या द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश आहे का, आणि असला तर किती, एवढं उत्तर मी देतो.

सकाळी हातात मिक्सरचं भांडं. खोटं नाही. नमुन्याची द्राक्षं वाटायची, त्यातले 10 ग्रॅम घ्यायचे, इथाइल अॅसिटेट घालून हलवायचं, सेंट्रिफ्यूज, सफाई, आणि शेवटी दोन मिली सुद्धा नाही एवढं पाणीदार द्रव छोट्या बाटलीत घालून मशीनला द्यायचं. एलसी-एमएस म्हणतात त्याला, आधी रसायनं वेगळी करतं आणि मग रेणूंच्या वजनावरून ओळखतं. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे एका किलोत ग्रॅमचा एक लाखावा भाग.

एवढं बारीक शोधायचं म्हणजे आधी स्वतःलाच तपासावं लागतं. औषध न मारलेल्या द्राक्षात मी मुद्दाम मोजून औषध घालतो आणि पूर्ण पद्धत चालवतो. घातलेल्यापैकी 70 ते 120 टक्के परत सापडलं तरच त्या दिवसाचे बाकीचे निकाल खरे. नाही सापडलं तर सगळं पुन्हा. बाहेर बागाईतदार उभा असतो, त्याचा कंटेनर बुक झालेला असतो, तरी पुन्हा. पद्धत बसवायचं काम पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ करतात. म्हणजे रिसर्च तिकडे, राबणं इकडे. जानेवारी ते एप्रिल घरच्यांना आमचं तोंड दिसत नाही, पावसाळ्यात मात्र माती-पाणी आणि देठांचे नमुने, निवांत.

वास सहन होत नसेल तर या लाइनला येऊ नये, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.

निवृत्त_पाटबंधारे

झेरॉक्सवाले, मी सिव्हिल. नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आता रोज गोदाकाठी फिरायला जातो. लोकांना वाटतं सिव्हिल म्हणजे सिमेंट-विटा. माझ्या नोकरीचा मोठा भाग धरण बांधण्यात नव्हे, बांधलेलं धरण सांभाळण्यात गेला.

गंगापूर धरण मातीचं आहे, 1965 साली पुरं झालेलं. मातीच्या धरणातून पाणी थोडं झिरपतंच, झिरपायलाही हवं. प्रश्न किती आणि कसं याचा. पायथ्याला व्ही आकाराच्या खाचेतून ते पाणी वाहतं, खाचेवरची उंची वाचली की प्रवाह कळतो. पाणी वाढलं तर काळजी, पण गढूळ आलं तर झोप उडते, कारण मग आतली माती वाहून येतेय. भरावात पिझोमीटर असतात, आतल्या पाण्याचा दाब सांगणारे. हे आकडे वर्षानुवर्षं कोणीतरी नेमाने लिहितं म्हणून तुम्ही-आम्ही खाली निर्धास्त राहतो.

पावसाळ्यात काम बदलतं. कुठल्या तारखेला धरण कुठल्या पातळीच्या वर भरू द्यायचं नाही याचं वेळापत्रक असतं. जुलैतच काठोकाठ भरून ठेवलं आणि वर त्र्यंबकला धो धो झाला, तर येणारं पाणी साठवायला जागा उरत नाही. कमी भरलं आणि पाऊस दडी मारून बसला, तर उन्हाळ्यात शहर आपल्या नावाने बोटं मोडतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या आसपास, त्यावरून दहा हजार क्युसेक किती ते बघा. शिवाय धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस नाल्यांनी थेट नदीत येतो. म्हणून शहरातल्या होळकर पुलाखालचा आकडा धरणातून सोडलेल्यापेक्षा जास्त असतो आणि लोक आम्हाला विचारतात, "साहेब, खरा आकडा कोणता?" दोन्ही खरे.

2016 चा आणि 2019 चा पूर नाशिककरांना आठवत असेल. टीव्हीवर क्युसेक सांगत होते आणि लोक एकमेकांना विचारत होते, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे काय ते सराफ बाजारातल्या दुकानदाराला बरोबर कळतं. आपलं काम एवढंच की ते कमरेपर्यंत यायच्या आधी त्याच्या दुकानातला माल वर चढलेला असावा.

मुलीला पाण्यात रस असेल तर दिंडोरी रोडला मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 पासूनची. नाशिककर रोज तिच्या दारावरून जातात आणि बसस्टॉप म्हणूनच ओळखतात.

कोडर_गोविंदनगर

बरं, चेष्टा बाजूला. काका, मीही प्रामाणिकपणे सांगतो. सकाळी हातात चहा, आणि मग दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं. नवा कोड लिहिणं दिवसातून थोडाच वेळ. परवा पूर्ण दुपार एकाच गोष्टीवर गेली, रात्री बारा वाजता एका रिपोर्टची तारीख एक दिवस मागे का जाते. सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. सापडल्यावर बदल एका ओळीचा. तिचं डोकं स्क्रीनने दुखत असेल तर खरंच नको.

अशोकस्तंभ_झेरॉक्सवाला

मंडळी, दंडवत. सगळं प्रिंट काढून पोरीला दिलं, दुकान आपलंच आहे. तिने मायक्रॉनवाली ताईंच्या उत्तरावर पेन्सिलने खुणा केल्यात आणि दोन प्रश्न काढलेत. एक, तुमचंच रिडिंग चुकीचं असेल तर ते कोणाला कळतं? दोन, एखादं गेज बिघडलेलं सापडलं तर आधी मोजलेल्या मालाचं काय करता?

मायक्रॉनवाली

हिला आमच्या ऑडिटरच्या जागी बसवा, तो सुद्धा आधी हेच विचारतो.

पहिलं. दहा जॉब घेतो, तीन जणांकडे देतो, प्रत्येकाने प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा, आधीचं रिडिंग न बघता. मग हिशोब करतो की आकड्यांत जो फरक दिसतोय त्यातला किती खरोखर जॉबचा आहे आणि किती मोजणाऱ्याचा आणि गेजचा. मोजण्यातला फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 30 च्या वर गेला तर ती मोजण्याची पद्धतच रद्द. मीही त्या तिघांत असते. सगळ्यात कमी फरक बहुतेक वेळा एका जुन्या ऑपरेटरचा येतो. दहावी नापास आहे, पण मायक्रोमीटरचं रॅचेट असं फिरवतो की बघत राहावं.

दुसरा प्रश्न अवघड आणि महागडा. गेज बिघडलेलं निघालं की मागच्या तपासणीपासून आजपर्यंत त्याने पास केलेला प्रत्येक जॉब संशयित. गोदामातला अडवायचा आणि पुन्हा मोजायचा. गिऱ्हाइकाकडे गेलेला असेल तर त्यांना कळवायचं, हा फोन कोणालाच करायचा नसतो. म्हणून गेज पडलं तर लपवायचं नाही, लगेच आणून द्यायचं, आणून देणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही, हा नियम मी भांडून करून घेतलाय. बिघाड आठवड्यात कळला तर आठवड्याचा माल तपासायचा, वर्षाने कळला तर वर्षाचा.

फॉर्मबद्दल: बारावी सायन्सवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तिथून पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. रस्ता लांब आहे, पण हात लवकर काळे होतात. मी तिच्या जागी असते तर दोन्हीकडे फॉर्म भरला असता आणि इन्स्ट्रुमेंटेशन वर ठेवलं असतं.

साहेबांना विचारलंय, बघायला आणायची परवानगी मिळाली आहे. सुट्टीच्या दिवशी नको, मशीन चालू असताना या, तिला आवाज आणि कूलंटचा वास दोन्ही कळू दे. ओढणी नको, केस बांधलेले हवेत, चपला गेटवरच अडवतात. तिच्या बुटाचा नंबर निरोपात कळवा, सेफ्टी शूज मी काढून ठेवते.

अशोकस्तंभ_झेरॉक्सवाला

तिचा पाच, माझा आठ. मीपण येतोय.